पलीकडचं टोक

मालकांकडे फोन वाजला की ते "हॅलो" म्हणत नसत. रिसीव्हर उचलून "चालू हाय, बोला," म्हणत. पलीकडे विम्याचा एजंट असो, राँग नंबर असो नाहीतर कुणी गेल्याची बातमी सांगणारा पाहुणा असो, प्रत्येकाला आधी "चालू हाय" ऐकून घ्यावं लागे. खरं म्हणजे मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून गेलो तेव्हा त्यांचं काहीच चालू नव्हतं. केबलचा धंदा बंद होऊन दोन वर्षं झाली होती. गच्चीवरची डिश त्यांनी उताणी करून ठेवली होती, तिच्यात पावसाचं पाणी साठायचं आणि चिमण्या आंघोळीला यायच्या. पण धंदा जोरात होता त्या काळात दिवसाला पन्नास फोन यायचे. कुणाकडे चित्रात मुंग्या, कुणाकडे आवाज आहे तर चित्र नाही. मालक आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघांपैकी जो जवळ असेल तो फोन घ्यायचा आणि दोघेही हेच म्हणायचे. आवाज इतका सारखा की आपण थोरल्याशी बोललो की धाकट्याशी, हे गल्लीतल्या कुणालाही शेवटपर्यंत कळायचं नाही. धंदा गेला, भाऊ तुटला, जिभेची सवय तेवढी राहिली.

मी मूळचा कोडोलीचा. कोल्हापुरात डीटीपीची कामं करायचो. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, वार्षिक सभेचे अहवाल, कुणाच्या तरी निवडीबद्दल हार्दिक अभिनंदन. स्वतःचा कॉम्प्युटर होता, जागा नव्हती. पेठेतल्या मालकांच्या घरातली माडीवरची खोली मिळाली आणि तिथं मी सहा वर्षं काढली. पहिल्या दिवशी ते दारातच "या पावणं" म्हणाले आणि शेवटपर्यंत मी पावणंच राहिलो. माझं नाव त्यांना माहीत होतं, माझी पत्रं तेच वर आणून द्यायचे. पण नावानं हाक मारली असती तर जवळीक झाल्यासारखं झालं असतं, आणि जवळिकीचा त्यांना धसका होता असं मला वाटतं.

लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "वायरी ओढता ओढता ऱ्हायलं की." हे ते हसून सांगायचे आणि ऐकणाराही हसायचा. मी एकदोनदा हसलो, नंतर मला हसू येईनासं झालं. कारण त्यात विनोद काही नव्हता, ती नुसती हकीकत होती.

दर रविवारी सकाळी सहा हात लांबीचा एक बांबू घेऊन ते गल्लीत फेरी मारत. बांबूच्या टोकाला आकडी. मोठ्या केबलवाल्यानं खांबांवरून नवी जाड वायर नेली होती. मालकांच्या जुन्या काळ्या वायरी घराघरांच्या कौलांवरून, गॅलऱ्यांवरून, पिंपळाच्या फांदीतून तशाच लोंबत होत्या. त्यांवर कुणी टॉवेल वाळत घालायचं, कुणी पापडाचं फडकं. मालक आकडीनं एकेक वायर उचलून बघत, सैल झाली असेल तर सुतळीनं बांधत. प्रत्येक वायरीला लोकरीच्या रंगीत धाग्याची गाठ होती, हिरवी गाठ अमक्याची, पिवळी तमक्याची. वही वगैरे काही नव्हती, सगळं गाठींत आणि डोक्यात.

एकदा मी म्हणालो, "मालक, बंद पडलेल्या वायरी कशाला जपताय? काढून भंगारात तरी घाला."

त्यांनी बांबू भिंतीला टेकवला. "पावणं, चालू न्हाय म्हणजे तुटकी न्हवं."

आणि पुन्हा गाठ बांधायला लागले. एकदा ओढलेली वायर काढायची नाही, हा त्यांचा नेम होता. लोक सोमवार धरतात, चतुर्थी धरतात, तसा यांनी हा धरला होता.

केबलच्या दिवसांतली त्यांची एक गोष्ट पेठेत अजून सांगतात. भर दुपारी सिनेमा रंगात आलेला. नायिका विष प्यायला निघालेली. एवढ्यात चित्र गेलं आणि पडद्यावर बनियनवर मालक. "गंगावेशीतली एक म्हैस सुटल्याली हाय. शिंगाला निळा रंग हाय. कुणाच्या दारात असली तर धरून ठेवा, पर मारू नगा, गाभण हाय." एवढं सांगून मालक गेले, नायिका परत आली. म्हैस पाच मिनिटांत सापडली. नायिकेचं काय झालं ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. लोकांना हसायला झालं, पण त्या दुपारी त्यांच्या एका वायरीवर अख्खी पेठ घरातल्या घरात एकत्र बसली होती, हे मालक कधी विसरले नाहीत. मला ही गोष्ट त्यांनी तीन वेळा सांगितली. तिन्ही वेळा शेवट एकच, "तवा मी बोललो की चारशे घरांत ऐकू जायाचं." पुढचं वाक्य ते बोलायचे नाहीत. मी राहायला होतो तेव्हा त्यांचं बोलणं एकाच घरात ऐकू जायचं, आणि त्या घरातही बहुतेक वेळा मी कानाला वॉकमन लावून बसलेला असायचो.

त्यांच्या घराच्या मधोमध भिंत होती. मधोमध म्हणजे अगदी सोप्याच्या मधोमध. मागल्या बाजूला दोन झडपांची एक मोठी खिडकी होती, तिच्या मधल्या चौकटीला ही भिंत येऊन टेकली होती. एक झडप थोरल्याची, एक धाकट्याची. थोरल्यानं आपली निळी रंगवली होती, धाकट्याची तपकिरीच होती. भांडण कशावरून? मोठा केबलवाला आला तेव्हा धाकटा म्हणाला, त्याच्याशी भांडण्यापेक्षा आपली गिऱ्हाइकं त्याला देऊन टाकू. थोरला म्हणाला, मी जिवंत असेपर्यंत नाही. धाकटा परस्पर जाऊन बोलणी करून आला. त्यानंतर वाटणी, त्यानंतर भिंत, आणि भिंतीनंतर जिन्याखालची एक मोरी राहिली होती ती कुणाची, यावर कोर्टात केस. चार फूट बाय तीन फूट मोरी. दोघेही तिथं आंघोळ करत नसत, कारण दोघांनीही आपापल्या बाजूला नवी मोरी बांधून घेतली होती. तरी तारखेला दोघेही इस्त्रीचे कपडे घालून जात, एकाच बसनं, एक पुढच्या दारानं चढायचा, दुसरा मागच्या.

धाकट्या मालकांची बायको वारली होती, मुलगा पुण्याला. त्यांचं दार मागल्या बोळात उघडायचं. म्हणजे एका छपराखाली एकेकटे राहणारे दोन भाऊ, आणि मध्ये चार इंचांची वीट.

फुटबॉलच्या दिवसांत मात्र मजा यायची. दोघेही एकाच तालमीच्या टीमच्या बाजूचे. मॅच लोकल केबलवर दाखवायचे तेव्हा दोन्ही बाजूंना टीव्ही चालू. आपल्या पोरानं बॉल बाहेर घालवला की भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकाच क्षणी, एकाच आवाजात, एकच शिवी यायची. ती शिवी मी इथं लिहीत नाही. त्यानंतर दोन्ही बाजूंना एकदम शांत व्हायचं. मी जिन्यात बसून ऐकायचो. मालक आवाज बारीक करून बराच वेळ भिंतीकडे बघत राहायचे, आणि मॅच चालू असायची ती तशीच चालू राहायची.

मग कॉम्प्युटर आला. राजारामपुरीतला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला, त्याचा एक जुना कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर मालकांनी आणून खाली आपल्या खोलीत मांडला. का आणला, विचारलं तर म्हणाले, "रिकामं बसून टकुरं फिरतंय." माझ्याकडे प्रिंटर नव्हता, त्यामुळे मला सोय झाली. माडीवर पत्रिका करायची, फ्लॉपीत भरायची, जिना उतरायचा, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये घालायची. निम्म्या वेळा फ्लॉपी वाचली जायची नाही, की पुन्हा वर. लग्नसराईत मी त्या जिन्यावरून पन्हाळा चढून आल्याइतका दमायचो.

माझी ती येरझार बघूनच मालकांना कल्पना सुचली. क्लासमधून आणलेल्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे एक गोल तोंड होतं, तसल्या तोंडाचं नेटवर्कचं कार्ड माझ्या कॉम्प्युटरला बसवता येत होतं. ते एका कॉम्प्युटरपासून दुसऱ्यापर्यंत गोल काळ्या वायरीनं जोडायचं, की फाइल वायरीतूनच खाली जाणार. आणि गोल काळी वायर तर घराच्या भिंतीत होतीच. केबलच्या पहिल्या वर्षी दोघा भावांनी टीव्हीसाठी ओढलेली, माडीवरून खाली मालकांच्या खोलीत आणि तिथून पुढं.

"भिंत फोडायला नगं, खिळा मारायला नगं," मालक म्हणाले. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "वायर हाय की! पडून हाय की नुसती!"

शाहूपुरीतला दुकानदार म्हणाला, ही टीव्हीची वायर, कॉम्प्युटरला वेगळ्या जातीची लागते, चालायची नाही. मालकांनी त्याला विचारलं, "वायरीला काय ठावं, तिच्यातनं पिच्चर चाललाय का पत्रिका चाललीया?" दुकानदारानं हात जोडले. आणि मालकांचं बरोबर निघालं. एवढ्याशा अंतराला ती वायर चालण्यासारखी होती. अडचण दुसरीच होती.

या पद्धतीत एक नियम होता. वायरीच्या दोन्ही टोकांना अंगठ्याएवढं एक टोपण बसवावं लागायचं. एक टोक जरी उघडं राहिलं तरी वायरीतून गेलेलं सगळं त्या टोकावर आपटून माघारी येतं, येणाऱ्या-जाणाऱ्याची गर्दी होते आणि कुणाचंच कुणाला पोचत नाही. एक टोक माझ्या खोलीत होतं, त्याला टोपण बसवलं. दुसरं टोक मालकांच्या खोलीत नव्हतं. वायर त्यांच्या कॉम्प्युटरपाशी येऊन, लोखंडी कपाटाच्या मागून, भिंतीतून पलीकडे धाकट्याच्या खोलीत गेली होती. तिचं टोक तिथं होतं.

मी म्हणालो, "सोपं आहे. पलीकडची वायर इथंच सोडवू आणि इथंच टोपण लावू. दोन मिनिटांचं काम."

"ती सुटायची न्हाय."

"अहो, पण तिचा उपयोग काय?"

मालक खाटेवर बसले. मग त्यांनी सांगितलं ते मी तोवर कुणाकडून ऐकलं नव्हतं. भिंत घालायच्या दिवशी गवंडी म्हणाला, ही वायर मध्ये येते, तोडू का? दोघे भाऊ समोरासमोर उभे, दोन महिन्यांत एक शब्द बोललेले नाहीत. थोरल्यानं वायर स्वतः तोडली, विटांत नळीचा तुकडा बसवायला लावला आणि वायर नळीतून सारली. वायर नुसती सारून जात नाही, पलीकडून कुणीतरी ओढायला लागतं. गवंड्याचे हात चुन्या-सिमेंटात. थोरल्यानं थोडी सारली आणि थांबला.

"आन् पलीकडनं त्यानं ओढली," मालक म्हणाले. "मी सारत हुतो, त्यो ओढत हुता. पुरी गेल्यावर मी हिकडं जोड मारला. येवढंच. त्याच्यानंतर काय न्हाय."

मला आपल्या पत्रिकांची घाई, आणि हा माणूस चार इंचांच्या भिंतीतल्या वायरीत सहा वर्षांपूर्वीचा भाऊ धरून बसलेला.

दुसऱ्या दिवशी मलमाच्या एका रिकाम्या डबीत कापूस घालून, त्यात टोपण ठेवून, त्यांनी ती माझ्या हातात दिली. "तुमी परके. तुमच्या हातनं घेईल. म्हणावं, तुज्या पॉइंटाला लाव, बाकी काय नगं."

मी बोळातून वळसा घालून गेलो. धाकट्या मालकांनी दार उघडलं तेव्हा मला क्षणभर आपण फिरून पुढच्याच दारात आलो असं वाटलं, इतके दोघे सारखे. "बसा की पावणं," म्हणाले. डबी उघडून टोपण उजेडात धरलं. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, टोपण परत कापसात ठेवलं, डबी बंद केली.

"वकिलाला इचारून सांगतो," ते म्हणाले.

मी परत आलो. मालक उंबऱ्यातच उभे होते. "काय म्हणला?"

आता मी काय सांगायला हवं होतं? वकिलाला विचारतो म्हणाले, हे सांगायला माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, "बघतो म्हणाले."

"बघतो म्हणला?"

"हो."

"मग बघंल," मालक म्हणाले. "बघतो म्हणला म्हणजे बघणार त्यो. तसं त्याचं हाय."

ते माझं पहिलं खोटं. ते तीळभरच होतं, पण मालकांनी त्यावर आठ महिने काढले. रोज सकाळी चहा व्हायच्या आत कॉम्प्युटर चालू करायचे, माझ्या कॉम्प्युटरचं नाव दिसतंय का बघायचे. दिसायचं नाही. "आज न्हाय," म्हणून बंद करायचे. मला खाली जाऊन फ्लॉपी द्यायची लाज वाटायला लागली. वाटायचं, एकदा सरळ म्हणावं, मालक, तो लावणार नाही, सोडा. पण एवढ्या माणसातून उठलेल्या माणसाच्या हातातली एवढीशी गोष्ट काढून घ्यायला छाती लागते. ती मला नव्हती.

वैशाखात कामाचा कहर झाला. त्या आठवड्यात मालक बहिणीच्या नातीच्या लग्नाला कबनूरला गेले. खोली उघडीच ठेवून गेले होते, मला प्रिंट काढता यावेत म्हणून. दुपारी मी चौदाव्यांदा जिना उतरलो, फ्लॉपी पुन्हा वाचली गेली नाही, आणि माझं डोकं फिरलं. कपाट हातभर सरकवलं. मागे भिंतीशी तो जोड होता, मालकांनी भिंतीच्या दिवशी मारलेला. तो मी फिरवून सोडवला. भिंतीकडचा तुकडा खाली लोंबकळला. अलीकडच्या टोकाला माझ्याकडचं जास्तीचं टोपण बसवलं. कपाट जागेवर. वर गेलो, आणि खालचा कॉम्प्युटर माझ्या पडद्यावर दिसायला लागला.

आपण हे मालकांसाठी केलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते पूर्ण खरं नाही. निम्मं जिन्यासाठी केलं.

संध्याकाळी ते आले. डोक्यावर लग्नातला फेटा तसाच, हातात बुंदीच्या लाडवांची पुडी. मी म्हणालो, "मालक, लागलं."

"काय?"

"पलीकडचं टोपण. लाइन लागली."

पुढे बोलायचं होतं की मीच इकडे लावलंय. पण त्यांनी लाडवांची पुडी कॉम्प्युटरवर ठेवली, भिंतीपाशी गेले आणि तळहात भिंतीला लावून उभे राहिले. फेट्याचा शेमला पाठीवर हलत होता, म्हणून मला कळलं की ते रडतायत. अशा माणसाला काय सांगता येतं? मनात म्हटलं, चार दिवसांनी सांगू.

"जाऊन बोला की त्यांच्याशी," मी म्हणालो. आपलं बिंग आपणच फोडायची ही एक वाट मी काढली होती.

"छ्या," मालक म्हणाले. "त्यानं न बोलता केलं. मी बोलून कशाला नासवू?"

आठ दिवसांनी चहा पिताना ते सहज सांगावं तसं म्हणाले, "मोरीची केस काढून घेतली. वकिलाला सांगून आलो. घे म्हणावं मोरी." सांगायचं ते मी त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी चहा प्यालो. कप विसळून ठेवला आणि वर गेलो. आजही ते आठवलं की मला माझा राग येतो.

मग ते वाट बघायला लागले. आपल्या निळ्या झडपेला त्यांनी नवा रंग दिला आणि ती दिवसभर उघडी ठेवू लागले. पलीकडची तपकिरी झडप उघडली नाही. मी वरून फाइल पाठवली की ते खालून "आलं बघा!" म्हणून ओरडायचे, मुद्दाम मोठ्यानं, पलीकडे ऐकू जावं म्हणून. पावसाळा असा गेला.

दसऱ्याच्या आधी एके सकाळी माझ्या पडद्यावरून खालचा कॉम्प्युटर गेला. मी खाली उतरलो तर खोलीत सगळं सामान मध्यभागी, भिंतींना चुन्याचा ओला हात, आणि लोखंडी कपाट दाराशी. भिंतीपाशी जोड पुन्हा बसवलेला, घट्ट, वर चिकटपट्टी, आणि तिच्यावर लाल लोकरीची गाठ. नवी.

मालक शिडीवर होते. ब्रश थांबला नाही. "जोड सुटला हुता," म्हणाले. "बसवला. फ्लॉपी आणा खाली."

एवढंच. संध्याकाळी बाहेरून आलो तर माझ्या कीबोर्डवर मी कपाटामागे लावलेलं टोपण ठेवलेलं होतं. मला त्यांनी शिवी द्यायला हवी होती. कोल्हापूरच्या माणसानं शिवी दिली की निदान प्रकरण मिटतं. त्यांनी चकार शब्द काढला नाही आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं "या पावणं" म्हणाले. मीच आठवड्याभरानं विचारलं, "आणि ती केस? परत घालणार?"

"काढली ती काढली."

"मालक, चूक माझी..."

"लाइन चालू न्हाय," त्यांनी मला तोडलं. "तुटकी न्हाय. बास की."

त्यानंतर मी वर्षभर फ्लॉपी घेऊन जिना चढत-उतरत राहिलो आणि एकदाही कुरकुर केली नाही. मग माझं दुकान झालं, लग्न झालं, मी खोली सोडली. जाताना म्हणाले, "येत जावा पावणं." मी सुरुवातीला गेलो. पुढे सणासुदीला. पुढे फोन. फोनवर "चालू हाय, बोला" ऐकलं की बरं वाटायचं आणि काय बोलावं ते सुचायचं नाही.

मालक गेल्याची बातमी कळली ती तिसऱ्या दिवशी सकाळी. मी रक्षाविसर्जनाला पोचलो. सगळं धाकट्या मालकांनी केलं होतं. मुंडण केलेलं, अंगावर पांढरा पंचा. लोक पांगल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "पावणं, जरा आत या."

त्यांच्या खोलीत देवाच्या फळीवर ती मलमाची डबी होती. कापूस पिवळा पडला होता.

"वकील म्हणला, थोरल्याची कसलीबी वस्तू भिंतीला लावून घेऊ नगा. उद्या कोर्टात म्हणतील, भिंत सामाईक हाय. माघारीबी देऊ नगा, पुरावा असूं दे." ते डबी दोन्ही हातांत धरून बोलत होते. "मग त्यानं केसच काढून घेतली. तवा तर मी लईच भ्यालो. म्हटलं, ह्येच्या पोटात काय तरी हाय. त्याच्या पोटात काय न्हवतं, न्हाय का?"

"नाही," मी म्हणालो. "काही नव्हतं."

"मी डबी घेतली तवा तुमी त्याला काय सांगितलासा?"

"तुम्ही बघतो म्हणालात, असं सांगितलं."

माझ्याकडून खरं खोटं ते सगळं मी तिथंच सांगून टाकलं, कपाट, जोड, फेटा, सगळं. त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. हेही रागावले नाहीत.

"लावायचं कसं ह्ये?"

मी दाखवायला पुढे झालो, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. "मी लावतो. तुमी त्याच्या खोलीत जाऊन बघा."

मी बोळातून वळसा घालून पुढच्या दारानं गेलो. खोलीत कोपऱ्यात पणती तेवत होती. टेबलावर कॉम्प्युटर, त्यावर धुतलेलं फडकं. प्रिंटर कधीच भंगारात गेला होता, माडीवरच्या खोलीत आता दुसरा भाडेकरू होता आणि त्याच्याकडे असला कॉम्प्युटर असण्याचा प्रश्नच नव्हता. कुणाकडून कुणाला काही जाण्यासारखं त्या घरात उरलं नव्हतं. माडीवरचं टोपण मात्र जागेवर असणार, याची मला खात्री होती. कपाटामागे वाकून पाहिलं. लाल लोकरीची गाठ होती. वायर किंचित हलली, पलीकडून कुणीतरी ती हातात घेतल्यासारखी, आणि थांबली.

"लागलं का, पावणं?"

भिंतीतून आलेला तो आवाज मालकांचाच होता. मी फडकं काढलं नाही, बटण दाबलं नाही. याच जागी उभा राहून मी एकदा हाच शब्द खोटा बोललो होतो. भिंतीला तोंड लावून ओरडलो, "लागलं!"

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"चालू हाय," धाकटे मालक म्हणाले. "बोला."

त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.